एका वर्षाची मुदत : ‘दंगल’ आणि कोल्हापुरातले एक घर

प्रकरण

सप्टेंबर २०१९ मध्ये आमच्या शाळेतील दहावीच्या एका विद्यार्थिनीने शालेय कुस्ती स्पर्धेच्या निवड चाचणीला जाण्यास नकार दिला. ती सतरा वर्षांखालील गटात खेळत होती आणि आदल्या वर्षी जिल्हा स्पर्धेत तिने पदक मिळवले होते. तिला कोणतीही दुखापत नव्हती, आणि दहावीचे वर्ष हे सर्वांना पटणारे कारणही तिने पुढे केले नाही. शाळेचा क्रीडाशिक्षक या नात्याने तिचा प्रवेशअर्ज माझ्याकडे होता आणि तिच्या सहीवाचून तो तीन दिवस टेबलावर पडून राहिला. चौथ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते माझ्याशी भांडतील किंवा मुलीला समजावण्याची विनंती करतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी वेगळीच मागणी केली. ‘‘सर, तिला परत एकदा ‘दंगल’ दाखवा. घरात दाखवला तर उठून जातीया. तुमच्यापुढं बसंल.’’

त्या मागणीतून पुढे जे घडले त्याची ही नोंद आहे. कुटुंबाची संमती घेऊन ती लिहिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. चित्रपटाची समीक्षा करण्याचा हेतू येथे नाही, तरी प्रकरणच चित्रपटाभोवती गुंफलेले असल्याने त्यातील काही प्रसंगांकडे बारकाईने पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

घर आणि त्यातील माणसे

वडील शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत मोल्डिंग खात्यात कामाला होते. तरुणपणी त्यांनी तालमीत पाच-सहा वर्षे काढली होती आणि गावोगावच्या यात्रांतील मैदानांत लहान जोडींवर ते लढत असत. मोठ्या जोडीला हात घालण्याची वेळ आली तेव्हाच घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला आणि यांचा लंगोट खुंटीवर गेला. आई घरी ब्लाऊज शिवते आणि साड्यांना फॉल-पिको करते. मुलगा मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठा. मार्च २०१७ मध्ये तो दहावी उत्तीर्ण झाला आणि त्यानंतर एका गॅरेजमध्ये कामाला लागला. पंचगंगेच्या अंगाला असलेल्या जुन्या पेठेत दोन खोल्या, त्यावर एक माळा, एवढाच यांचा पसारा.

कोल्हापुरात असे घर शोधावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून घेतले त्याला आता शतक उलटून गेले आहे, आणि तेव्हापासून या शहरात पैलवान होणे हा निव्वळ छंद कधीच राहिलेला नाही. पेठेतील माणूस मुलाला तालमीत घालतो तेव्हा त्याच्या मनात अब्रू, शिस्त आणि नोकरी या तिन्हींचा विचार एकदम असतो. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या ५ टक्के आरक्षणाची माहिती येथील पालकांना अनेकदा शिक्षकांपेक्षा अधिक असते. मुलींच्या बाबतीत मात्र ही वाट अलीकडची आहे. जुन्या तालमी या मुलग्यांच्या राहण्या-जेवण्याच्या, लाल मातीच्या जागा. मुलींची कुस्ती वाढली ती प्रामुख्याने मॅटवर, शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांमधून. ऑलिंपिकमध्येच महिलांची कुस्ती प्रथम आली ती २००४ साली अथेन्सला, आणि महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा सांगलीत भरली ती २०२३ मध्ये. म्हणजे आपल्या मुलीने पैलवान व्हावे असे ज्या बापाला २०१६-१७ मध्ये वाटले, त्याच्यासमोर गल्लीतील कोणाचे उदाहरण नव्हते. त्याच्यासमोर एक चित्रपट होता.

पहिले पाहणे

नितेश तिवारी दिग्दर्शित ‘दंगल’ २३ डिसेंबर २०१६ रोजी प्रदर्शित झाला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हे चौघे तो चित्रपटगृहात जाऊन पाहून आले. मीही त्याच सुमारास पाहिला होता. आमच्या रांगेत बसलेले एक वयस्कर वस्ताद प्रत्येक लढतीत डावाचे नाव मोठ्याने उच्चारत होते आणि शेवटच्या लढतीतील फेक पाहून ‘‘हे असं होत न्हाई’’ असे म्हणत उठून उभे राहिले होते. पण त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले.

चित्रपटाच्या आरंभीच महावीरसिंग फोगट हा माणूस दिसतो तो कुस्ती सोडून नोकरीला लागलेला. कार्यालयातील टीव्हीवर कुस्ती चालू असताना तो एका सहकाऱ्याशी भिडतो आणि त्याला चीत करतो. देशासाठी सुवर्णपदक आणायचे त्याचे स्वप्न मुलाने पूर्ण करावे ही त्याची इच्छा, आणि घरात एकामागून एक चार मुली. पुढे मोठ्या दोघी, गीता आणि बबिता, गल्लीतील पोरांना बदडून येतात तेव्हा त्याच्या लक्षात येते की आपण इतकी वर्षे नको तिकडे पाहत बसलो. आमच्या प्रकरणातील वडिलांनी हा प्रसंग पाहिला आणि त्यांच्याच शब्दांत ‘‘अंगावर काटा आला’’. त्यांची मुलगी तेव्हा सातवीत होती आणि शाळेतील खो-खोच्या संघात चपळ म्हणून ओळखली जात होती.

त्याच रात्री त्यांनी पत्नीजवळ एका वर्षाची मुदत मागितली. हे वाक्यही चित्रपटातूनच आलेले होते. महावीर आपल्या पत्नीला, दयाला, सांगतो की मला एक वर्ष दे. जमले नाही तर हा विषय कायमचा सोडून देईन. घरातील बाई या मागणीला काय उत्तर देणार? दया देते तेच उत्तर या घरातील आईनेही दिले, म्हणजे काहीच दिले नाही.

पुढचे वेळापत्रक कोणीही ताडू शकेल. पहाटे पाचला उठणे, रंकाळा तलावाभोवती धावणे, जोर-बैठका, संध्याकाळी मॅटचा सराव. मुलीचे केस कापले गेले. मॅट दूर असल्याने घरातील गाद्या माळ्याखालच्या खोलीत अंथरून रात्रीचा सराव होऊ लागला; हा उपायही चित्रपटातलाच. खुराक मात्र चित्रपटातून उचलता येत नाही, तो पदरचा लागतो. दूध कट्ट्यावर समोर पिळलेले म्हशीचे दूध, बदाम, खारीक, तूप, अंडी, रविवारी मटण आणि कुंडीत घोटलेली थंडाई यांचा महिन्याचा खर्च एका फौंड्री कामगाराच्या पगारात बसवायचा म्हणजे दुसरे काहीतरी बाहेर काढावे लागते. काय बाहेर काढले गेले ते मला २०१९ पर्यंत माहीत नव्हते. उलट २०१८ च्या पालक सभेत मी या वडिलांना उभे करून ‘‘हे आपल्या शाळेचे महावीर फोगट’’ असे म्हटले होते आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. या प्रकरणात माझा जो वाटा आहे तो येथे नोंदवून ठेवतो.

महापूर आणि ट्रंक

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे पुराचा अंदाज यावा. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक बंद पडली, कारखाने बंद राहिले आणि रोजंदारीवर असलेल्या माणसांचे खाडे झाले. या घरातही पाणी येणार हे दिसू लागले तेव्हा सामान माळ्यावर चढवण्याची घाई झाली. पत्र्याची ट्रंक जड होती म्हणून मुलीने ती उघडून आतील वस्तू हातोहात वर दिल्या. त्यात कागदांचे एक पाकीट होते आणि त्या पाकिटात तिच्या भावाचे पदविका अभ्यासक्रमाचे प्रवेशपत्र होते. यंत्र अभियांत्रिकी, सन २०१७. फी भरण्याची शेवटची तारीख त्यावर छापलेली होती.

भावाला दहावीत कमी गुण पडले म्हणून तो गॅरेजमध्ये गेला, असे तिला दोन वर्षे सांगण्यात आले होते.

तिने त्या रात्री कोणाला काही विचारले नाही. पाणी ओसरले, घर धुऊन झाले, शाळा सुरू झाली आणि चाचणीचा अर्ज आला तेव्हा तिने सही केली नाही. मी एकटीला बोलावून विचारले असता ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘दादाची फी खाऊन मी कुस्ती करतोय व्हय, सर?’’

‘खाऊन’ हा शब्द तिने लाक्षणिक अर्थाने वापरलेला नव्हता. रोज पहाटे वाटीत भिजवलेले दहा बदाम तिच्यापुढे येत होते.

दुसरे पाहणे

वडिलांची मागणी मी मान्य केली, पण एक अट घातली. चित्रपट एकट्या मुलीने पाहायचा नाही. चौघांनी यायचे, रविवारी शाळेच्या सभागृहात बसायचे आणि कोणालाही थांबवावेसे वाटले तर त्याने हात वर करायचा. वडिलांना अट विचित्र वाटली तरी ते तयार झाले. २ तास ४१ मिनिटांचा हा चित्रपट पाहायला आम्हाला त्या दिवशी साडेपाच तास लागले.

पहिला हात आईने वर केला. महावीर एका वर्षाची मुदत मागतो तेथे. तिने पडद्याकडे पाहतच विचारले, ‘‘हे वर्ष संपल्याचं दाखवत्यात का फुडं?’’ आम्ही सगळेच गोंधळलो, कारण तो प्रश्न आमच्यापैकी कोणालाही पडलेला नव्हता. चित्रपटात ते वर्ष संपल्याचे कोठेच दाखवलेले नाही. मुली जिंकू लागतात आणि मुदतीचा विषय विरून जातो. यश आले की करार आपोआप पुढे चालू राहिला असे प्रेक्षक धरून चालतो. आई म्हणाली, ‘‘ह्यांनी बी वर्षच मागितलं होतं. येत्या जानेवारीत तीन हुतील.’’ तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शिवणकामाचे पैसे द्यायला कोणी उशीर केला तर ती ज्या स्वरात आठवण करून देत असेल, तोच तो स्वर होता.

दुसऱ्यांदा चित्रपट थांबला तो मुलीमुळे आणि हा थांबा सर्वांत मोठा ठरला. चित्रपटात ओंकार नावाचा एक पुतण्या आहे. सगळी गोष्ट तोच सांगतो. मुलींना सरावासाठी जोडीदार हवा म्हणून काका त्याला मातीत उतरवतात, मुली त्याला आपटतात आणि प्रेक्षक हसतात. पुढे तो मोठा होतो आणि काकांबरोबर गीताच्या प्रशिक्षणाच्या ठिकाणी, पतियाळालाही जातो. तो सतत सगळीकडे हजर असतो. त्याला स्वतःला काय व्हायचे होते हा प्रश्न १६१ मिनिटांत एकदाही विचारला जात नाही, आणि निवेदक तोच असूनही तो स्वतःविषयी काही सांगत नाही. त्या सभागृहात ओंकार आपटला गेला तेव्हा भाऊ मोकळेपणाने हसला. मुलगी हसली नाही. तिने हात वर केला आणि ती भावाकडे वळून म्हणाली, ‘‘हा तू हैस.’’

येथे सांगितले पाहिजे की गॅरेजमधून रात्री आठला परतल्यावर हा मुलगा रोज तासभर त्या गाद्यांवर बहिणीचा जोडीदार म्हणून उभा राहत असे. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक हे सगळे डाव ती त्याच्यावर घोटत होती. त्याच्या उजव्या खांद्याला त्याचा त्रासही झाला होता. त्याला कोणी जबरदस्ती केली नव्हती. ‘‘तुला कुस्ती आवडते का?’’ असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला की त्याला फुटबॉल आवडतो. पेठेच्या संघाकडून शाहू स्टेडियमवर खेळावे असे त्याला वाटे, पण संध्याकाळच्या सरावाची वेळ आणि गॅरेजची वेळ एकच होती. पदविकेच्या प्रवेशाविषयी विचारले तेव्हा तो थोडा वेळ थांबून म्हणाला, ‘‘मी न्हाई म्हणालो नसतो, सर. पण मला कुणी इचारलंच न्हाई. तारीख गेल्यावर कळलं.’’

त्याच्या या बोलण्यात प्रकरणाचे मर्म होते. घरातील एकाच्या खेळासाठी दुसऱ्याचे काही मागे पडणे हे आपल्याकडे इतके सर्रास घडते की त्यावर प्रकरण लिहिण्याची गरज नाही. येथे जे मागे पडले ते देण्याची त्या मुलाची कदाचित तयारीही होती. पण त्याच्याकडून ते मागितलेच गेले नाही, आणि जिच्यासाठी ते घेतले तिच्यापासूनही लपवले गेले. त्यामुळे भावाला ‘मी दिले’ असे म्हणता येत नव्हते आणि बहिणीला ‘मला मिळाले’ असे म्हणता येत नव्हते. दोघांच्या मध्ये एक न बोललेले कर्ज तेवढे उरले.

वडिलांनी यावर जो युक्तिवाद केला तो हलका नव्हता. त्यांनी खाशाबा जाधवांचे उदाहरण दिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी १९५२ साली हेलसिंकीला गेला तो प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या सात हजार रुपयांच्या बळावर, आणि परत आला तो स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन. ही हकिकत आमच्या भागातील प्रत्येक तालमीत सांगितली जाते. ‘‘कुणीतरी घर गहाण टाकल्याबिगर पदक येत न्हाई, सर,’’ असे ते म्हणाले, आणि इतिहासाच्या दृष्टीने ते फारसे चुकीचे बोलत नव्हते. मी एवढेच म्हणालो की खर्डेकरांनी घर गहाण ठेवले ते स्वतःचे, आणि ते ठेवले हे खाशाबांना माहीत होते.

त्यानंतर वडील बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी त्यांनी जे सांगितले ते मला आजही प्रामाणिक वाटते : फी भरली असती तर त्या महिन्यापासून खुराक बंद पडला असता, आणि खुराक बंद पडला असता तर पोरगी जिल्ह्याला पडली असती, दोन्ही होणार नाही हे त्यांना दिसत होते, आणि मुलाला विचारले तर तो ‘‘द्या सोडून’’ म्हणेल हेही ठाऊक होते, म्हणून विचारायची लाज वाटली. म्हणजे न विचारण्यामागे बेफिकिरी नव्हती. होकार गृहीत असल्यामुळेच विचारणे जड गेले होते. हे मला त्या दिवसापूर्वी सुचले नसते.

चित्रपट आणि घडलेले

तिसरा थांबा मी घेतला. शेवटच्या लढतीच्या वेळी प्रशिक्षक कट करून महावीरला एका खोलीत कोंडतो आणि बाहेर मुलगी सुवर्णपदक जिंकते. बापाला ते कळते राष्ट्रगीताच्या सुरांवरून. प्रशिक्षकाचे काम आपल्या गिरीश कुलकर्णींनी केले आहे आणि पात्राचे नावही कदम असे मराठी आहे, त्यामुळे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला हा माणूस जरा जास्तच ओळखीचा वाटतो. वडिलांच्या मनावर हा प्रसंग खोल बसला होता, इतका की मॅटवरील प्रशिक्षकांकडे ते कायम संशयाने पाहत आणि स्पर्धेच्या वेळी बाहेरून ओरडून सूचना देत. त्यावरून दोनदा पंचांशी वादही झाला होता.

मी त्यांना सांगितले की कोंडण्याचा प्रसंग रचलेला आहे. प्रत्यक्षात ३ ऑक्टोबरपासून दिल्लीत झालेल्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीता फोगटने ५५ किलो गटाची अंतिम लढत ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडविरुद्ध १-०, ७-० अशी सहज जिंकली होती. शेवटच्या क्षणीची ती फेक पडद्यासाठी केलेली आहे. आमच्या रांगेतील वस्तादांचा आक्षेप रास्तच होता म्हणायचा. आणखी एक गोष्ट मला या कुटुंबाच्या संदर्भात महत्त्वाची वाटली. प्रत्यक्षातील महावीरसिंग फोगट यांनी भावाच्या निधनानंतर विनेश आणि प्रियांका या पुतण्यांनाही आपल्या मुलींबरोबर वाढवले आणि कुस्ती शिकवली. चित्रपटात त्या दोघी नाहीत, त्याऐवजी हसवणारा ओंकार आहे. कथेची गरज म्हणून असे बदल होतातच आणि त्याबद्दल दिग्दर्शकाला दोष देण्याचे कारण नाही. पण जो बाप हा चित्रपट वेळापत्रक म्हणून भिंतीवर लावतो त्याला हे माहीत असणे आवश्यक आहे, की त्याने ज्या घराचे अनुकरण चालवले आहे ते घर पडद्यावरच्यापेक्षा मोठे होते आणि तेथे सांभाळायची माणसे जास्त होती.

‘दंगल’विषयी माझे मत या प्रकरणाने बदलले नाही. तो उत्तम चित्रपट आहे, आणि बालवयात लग्न होत असलेली मैत्रीण गीता-बबिताला तुमचा बाप तुम्हाला निदान आपली मुले तरी समजतो असे सुनावते तो प्रसंग मी आजही वर्गात सांगतो. कॅमेरा बापाच्या खांद्यामागे उभा आहे, त्यामुळे बापाने सोडलेले दिसते आणि इतरांनी सोडलेले दिसत नाही, एवढीच माझी नोंद. दया आपल्या स्वयंपाकघरात कोंबडी शिजू देत नाही, हा तिचा एकमेव विरोध चित्रपटाने टिपला आहे. आमच्या घरातील आईला तोही जमला नव्हता.

वही

त्या रविवारी कोणताही निर्णय झाला नाही. बुधवारी वडील पुन्हा आले आणि काय करायचे ते विचारू लागले. मी सुचवलेला उपाय अगदी साधा होता. घरात एक वही ठेवावी, त्यात खेळासाठी आणि शिक्षणासाठी होणारा प्रत्येक मोठा खर्च लिहावा, आणि तीन रकाने करावेत : खर्च कशाचा, कोणासाठी, आणि ज्याचे मागे पडणार आहे त्याला विचारले का. वही लिहिण्याचे काम आईकडे द्यावे असेही मी सुचवले, कारण मुदतीचा हिशेब तिनेच ठेवला होता.

मुलीने चाचणीला जाण्यासाठी एक अट घातली. दादाने पुन्हा प्रवेश घ्यायचा, नाहीतर ती खेळणार नाही. भाऊ म्हणाला की पदविका आता नको, गॅरेजमध्ये हात बसला आहे, आयटीआयला मोटार मेकॅनिकची दोन वर्षे करीन. त्या वर्षीचे प्रवेश संपलेले असल्याने ते पुढच्या वर्षावर गेले, आणि तोवर फीसाठी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकायची ठरले. ती कशातून काढायची यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी रविवारचे मटण महिन्यातून दोनदा आले आणि दहा बदामांचे सहा झाले. हे दोन्ही प्रस्ताव मुलीचे होते. वडिलांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला असावा. मी तेथे नव्हतो, मला आईने सांगितले.

मुलगी चाचणीला गेली, निवडली गेली आणि जिल्हा स्पर्धेत उपांत्य फेरीत गुणांवर हरली. त्या दिवशी वडिलांची पहिली पाळी होती आणि खाडा करायचा नाही असे त्यांनी स्वतःच ठरवले होते. फौंड्रीत काम चालू असताना मोबाईल कपाटात ठेवावा लागतो, त्यामुळे निकाल त्यांना दुपारी साडेतीनला कळला. भाऊ गॅरेजमधून अर्धा दिवस सुटी घेऊन मॅटच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन बसला होता. पंचांशी कोणाचाही वाद झाला नाही. वडिलांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो कोणत्या डावावर गुण गेले याचा, आणि तिने तो इतक्या बारकाईने सांगितला की आमचा पाच मिनिटांचा चहा थंड झाला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तालमी, मॅट, मैदाने सगळे बंद पडले. त्या काळात कित्येक मुलींची कुस्ती कायमची सुटली. हिची सुटली नाही, पण तिची वाढ खुंटली हे मान्य केले पाहिजे; वजन वाढले, गट बदलला आणि पूर्वीची चपळाई परत यायला दीड वर्ष गेले. खुराक कमी केल्याने हे झाले असे वडिलांना अधूनमधून वाटते, आणि तसे काही झाले नाही हे त्यांना खात्रीने सांगता येईल असा पुरावा माझ्याकडे नाही.

भावाचा आयटीआयचा प्रवेश त्या वर्षी उशिरा झाला. फी भरल्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो असता आईने वही दाखवली. तोवर तिची बरीच पाने भरली होती. ‘कोणासाठी’ या रकान्यात मुलीचे नाव सर्वांत जास्त वेळा, त्याखालोखाल मुलाचे, दोन ठिकाणी वडिलांच्या चष्म्याचा खर्च, आणि आईचे नाव शोधूनही सापडत नव्हते. मी ते बोलून दाखवले नाही. आयटीआयच्या फीसमोर तिसऱ्या रकान्यात ‘समद्यांना विचारलं’ असे लिहिलेले होते. त्याखालची ओळ दोन दिवसांपूर्वीची होती : शिलाई मशीनची मोटर, माझ्यासाठी, कुणाला विचारलं न्हाई.